देणगीदार क्रमांक दोनशे बारा

एका रविवारी दुपारी साडेचार ते पाच या अर्ध्या तासात सासरच्या समस्त मंडळींची तोंडं बंद करायची, असं मी ठरवलं होतं. अर्धा तास म्हणजे डोक्यावरून पाणी. माझ्याकडे साधनच तसं होतं!

मी गावातल्या संग्रहालयात नोकरी करते. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत घरात माझ्या नोकरीचं वर्णन तीन प्रकारे झालं. मोठे दीर म्हणतात, "तिथे जुन्या वस्तू पुसायला असते ती." जाऊबाई म्हणतात, "बरं आहे बाई तुझं. गिऱ्हाईक नाही, कटकट नाही." आणि नवरा ओळख करून देताना म्हणतो, "ही म्युझियममध्ये असते." जणू मला तिथे काचेच्या कपाटात ठेवलंय!

पण गेलं वर्षभर खपून आम्ही संग्रहालयातल्या अकरा हजार चारशे वस्तू इंटरनेटवर आणल्या. नुसती यादी नाही हं! यादी कोण वाचतो? आमच्या संचालकांना 'डेटा व्हिज्युअलायझेशन' हा शब्द कुठेतरी सापडला आणि लहान मुलाला शिट्टी सापडावी तसा ते तो दिवसभर वाजवत राहिले. संगणकाचा भाग एका कंपनीने केला, माहिती मी भरली, इतक्या घाईत की कुठली वस्तू कुठली हे मलाच आठवत नाही, आणि जे तयार झालं ते खरंच देखणं होतं.

एक वस्तू म्हणजे एक ठिपका. लाकडाचा तपकिरी, धातूचा निळा, मातीचा केशरी, कागदाचा पिवळा. पान उघडलं की साखर सांडल्यावर मुंग्या याव्यात तसे अकरा हजार ठिपके धावत येतात. खाली वर्षांची पट्टी. ती सरकवली की ज्या वर्षी जी वस्तू संग्रहालयात आली, त्या वर्षावर तिचा ठिपका टपकन पडतो. ठिपक्यावर टिचकी मारा, फोटो आणि चार ओळी माहिती. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'धागे' नावाचं बटण. ते दाबलं की ज्या माणसाने ती वस्तू दिली, त्याने आणखी काय काय दिलंय तिथपर्यंत धागे पसरतात. देणगीदाराचं नाव दिसत नाही, फक्त क्रमांक. ही कल्पना माझी. संचालक बैठकीत म्हणाले, "वा! यातून माणसामाणसांतली नाती उलगडतील." उलगडली हो! चांगली टराटरा उलगडली.

त्या रविवारी सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून सगळे आमच्याकडे जमले होते. मोठे दीर, जाऊबाई, नणंद, आम्ही दोघं. दोघे भाऊ कोचाच्या दोन टोकांना आणि मध्ये नणंद, टपाल खात्यासारखी. कारण हे दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

"त्याला सांग, पाय आत घे," मोठे दीर नणंदेला म्हणाले.

"त्याला सांग, पाय माझ्याच घरात आहेत," माझा नवरा नणंदेला म्हणाला.

"दोघांनाही ऐकू आलंय," नणंद म्हणाली. "माझा घसा बसलाय."

भांडण होतं एका दुर्बिणीवरून. माझे सासरे रोज संध्याकाळी खिडकीत उभे राहून त्या पितळी दुर्बिणीतून तासन्‌तास आकाश बघायचे. "बाबांसारखी विज्ञाननिष्ठा आता कुठे राहिली!" हे या घरातलं लाडकं वाक्य. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले आणि महिन्याभरात दुर्बीण नाहीशी झाली. थोरल्याला वाटलं धाकट्याने दाबली, धाकट्याला वाटलं थोरल्याने लांबवली. आधी आवाज चढले, मग दारं आपटली आणि शेवटी सगळा कारभार नणंदेमार्फत सुरू झाला.

तर, साडेचारला मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. ठिपके धावत आले.

"अय्या, किती गोड!" नणंद म्हणाली.

"हे सगळं तू केलंस?" जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला तो 'तू' ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत सासूबाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं, कौतुकाने डोळे भरून आले असतील.

"कुठलीही वस्तू सांगा," मी छाती पुढे काढून म्हटलं. "दोन सेकंदांत शोधून दाखवते!"

मोठे दीर खाकरले. "दुर्बिणी आहेत का गं तुमच्याकडे? आमच्या घरात होती एक. पाय फुटले तिला."

"हो हो, शोध," नवरा म्हणाला. "पाय चालत चालत कुणाच्या घरी गेले, तेही कळू दे."

शहाण्या बाईने इथे लॅपटॉप मिटून केक कापायला घेतला असता. पण फुशारकीला ब्रेक नसतो. मी 'दुर्बीण' असं टाइप केलं. अकरा हजार ठिपके विझले, तीन उरले. पहिली दुर्बीण लष्करातली. दुसरी खेळण्यातली. तिसरीवर टिचकी मारली.

मी मोठ्याने वाचलं, "'पितळी दुर्बीण. नळीच्या मधोमध ठळक पोचा. एका खगोलप्रेमी नागरिकाच्या संग्रहातील असावी.'"

दोघे भाऊ एकदम कोचाच्या कडेवर सरकले.

"तो पोचा..." नवरा उठून उभा राहिला आणि थेट भावाकडे बोट दाखवून ओरडला, "तो पोचा तू पाडलास! जिन्यावरून!"

"मी पाडला? तू मला धक्का दिलास!"

"अगं बाई, बोलले!" नणंद टाळी वाजवत म्हणाली. "नऊ वर्षांनी बोलले!"

पण आनंद साजरा करायला कुणाला सवड नव्हती. "म्हणजे तूच नेऊन दिलीस तिथे!" "मी? तुझ्याशिवाय कोण देणार?" "खा शपथ!" "तू खा!" नऊ वर्षांचा साठलेला माल दोघे एकदम बाहेर काढत होते. मी घाबरले. शांतता प्रस्थापित करायची म्हणून, आणि खरं सांगायचं तर थोडं ते बटण दाखवायचं राहिलं होतं म्हणून, मी म्हटलं, "थांबा! भांडू नका! देणाऱ्याने आणखी काय दिलंय ते बघू, म्हणजे माणूस आपोआप ओळखू येईल."

आणि 'धागे' दाबलं.

देणगीदार क्रमांक दोनशे बारा. एकूण वस्तू तेवीस! पडद्यावर चहूकडे धागे पसरले. आमच्या टीव्हीवर कोळ्याने संसार थाटावा तसं दिसत होतं.

"बापरे," जाऊबाई म्हणाल्या. "हा माणूस आहे की गोदाम?"

मी पिवळा ठिपका उघडला. "'टपाल तिकिटांची वही. काही पानांवर शाईचे डाग. पहिल्या पानावर सूचना: हात लावाल तर मराल.'"

नवरा पांढराफटक पडला. "हे माझं अक्षर आहे!" तो भावाकडे वळला. "मला तीस वर्षं वाटतंय की तू ही वही विकून बॅट घेतलीस!"

"बॅट मला मामाने दिली होती! तीस वर्षं तू... म्हणून तू माझ्या लग्नात तोंड पाडून बसला होतास?"

पुढचा निळा ठिपका. "'बिगुल. शालेय बँडपथकातील. तोंडाशी दातांच्या खुणा.'"

आता मोठे दीर खाली बसले. "माझा बिगुल," ते इतक्या हळू म्हणाले की मलाच वाईट वाटलं. "मी नववीत होतो. मला वाटलं, यानेच विहिरीत टाकला."

मग एक बाहुली निघाली, पोटावर दाबलं की रडणारी. नणंदेने किंकाळी फोडली. मग निघाला सोनेरी कडांचा चहाचा सेट, पाच कप आणि एक कान तुटलेला. तो पाहून जाऊबाई ताडकन उठल्या.

"हा माझ्या माहेरचा सेट! चौदा वर्षं मी समजतेय की..." त्यांनी नणंदेकडे पाहिलं आणि जीभ चावली.

"की काय, वहिनी?" नणंद गोड आवाजात म्हणाली. "पूर्ण करा ना वाक्य. की मी नेला? म्हणून माझ्याकडे आलात की माझं कपाट उघडून बघता होय!"

दहा मिनिटांत असं झालं की ज्याच्यावर ज्याचा संशय होता, तो प्रत्येक जण स्वतःच लुटला गेलेला निघाला. भाऊ सुटले, नणंद सुटली, जाऊबाई सुटल्या. आणि मग चौघांच्याही डोक्यात एकाच वेळी एकच प्रश्न आला. मला तो येताना दिसला. चार माना सावकाश माझ्याकडे वळल्या.

"या घरातलं," मोठे दीर म्हणाले, "संग्रहालयात कोण नोकरी करतं?"

"अहो भाऊजी!"

"तरीच म्हटलं, अकरा हजार वस्तू जमवल्या कुठून यांनी!" जाऊबाई म्हणाल्या.

मी आशेने नवऱ्याकडे पाहिलं. बारा वर्षांचा संसार. तो चाचरत म्हणाला, "तू... नाही ना गं?"

ते 'ना' माझ्या काळजाला लागलं. पण मीही संग्रहालयाची माणूस आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही! मी वर्षांची पट्टी खेचून पार डावीकडे नेली आणि सावकाश उजवीकडे आणायला लागले. टप! बिगुल पडला.

"चौतीस वर्षांपूर्वी!" मी गरजले. "मी तेव्हा पहिलीत होते! तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे हे मला ठाऊक नव्हतं! माझ्या दप्तरात बिगुल मावला असता का?"

टप, तिकिटं. टप, बाहुली. पुढे चहाचा सेट, मग दुर्बीण.

"बाबांनी दिलं असेल का?" नणंदेने विचारलं.

"दुर्बीण बाबा गेल्यानंतरची आहे. आणि त्यानंतर आणखी चार वस्तू आहेत."

म्हणजे चौतीस वर्षांपूर्वीही घरात होता आणि आजही आहे, असा माणूस. पुन्हा माना वळल्या. या वेळी आरामखुर्चीकडे.

सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. मान एका बाजूला कललेली. गाढ झोप. फक्त उजव्या पायाचा अंगठा हलत होता.

"आई," मोठे दीर म्हणाले.

अंगठा थांबला.

"आई, तू जागी आहेस."

"चहा कोण टाकतंय?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

मग जे बाहेर आलं ते त्यांनी अजिबात न ओशाळता सांगितलं. "अरे, कपाटात जागा नव्हती. तू तो बिगुल पहाटे पाचला वाजवायचास. तो गेला त्या दिवशी शेजारणीने मला फुलं आणून दिली. हा तिकिटं चिकटवत बसायचा आणि गणितात नापास व्हायचा. वस्तू कचऱ्यात टाकायला जीव होत नव्हता. तिथले जुने कारकून फार सज्जन. काहीही दिलं तरी घ्यायचे. नाव विचारलं, तर मी म्हटलं, लिहा 'एक हितचिंतक'. तिथे निदान रोज कोणीतरी पुसतं. घरी कुणी पुसलं होतं कधी?"

"आणि माझा सेट?" जाऊबाई रडवेल्या झाल्या होत्या.

"तुझा तो सेट धुवायचं काम कुणाकडे होतं, आठवतंय का?"

जाऊबाईंना एकदम आठवलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

"पण दुर्बीण, आई!" नवरा म्हणाला. "बाबांची आठवण! त्यांचं ते आकाश..."

सासूबाईंनी आता डोळे उघडले. "कसलं आकाश? समोरच्यांचा टीव्ही बघायचे ते! टीव्ही घ्या म्हटलं तर म्हणायचे, कशाला हवाय, इथून स्वच्छ दिसतो. सामने, बातम्या, मालिका, सगळं बिनआवाजाचं. एकदा समोरच्यांनी ऐन शेवटच्या षटकात चॅनेल बदललं, तर हे खिडकीतून ओरडले, 'अहो, परत लावा!' त्या दिवसापासून त्यांनी पडदा लावून घेतला."

दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. विज्ञाननिष्ठेचा एवढा मोठा वारसा पडद्यामागे गेला होता. आधी मोठे दीर फसकन हसले, मग माझा नवरा. मग दोघे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत इतके हसले की नणंदेला मधून उठावं लागलं.

"पण मला सांगायचंस तरी," मोठे दीर डोळे पुसत म्हणाले. "नऊ वर्षं आम्ही बोललो नाही, आई."

सासूबाईंनी चष्मा मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "दोघं तिच्यासाठी भांडत होतात म्हणून दिली. मग ती गेली म्हणून भांडायला लागलात. तेव्हा सांगितलं असतं तर दोघं मिळून माझ्याशी बोलला नसतात. आधी भीती वाटली. नंतर फारच उशीर झाला." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, उगाचच. या वेळी डोळे खरंच भरले होते. माझा नवरा उठला आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसला, लहान मुलासारखा.

इथे हा किस्सा संपला असता तर किती छान झालं असतं! मी तर मनातून फुलून गेले होते. सगळ्यांच्या वस्तू गेल्या, माझी एकही नाही. सासूबाईंचा जीव आहे हो माझ्यावर!

सोमवारी आम्हाला सुट्टी. मंगळवारी सकाळी दहाला संग्रहालयाच्या दारात माझं अख्खं सासर उभं! दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून, एकजुटीने म्हणाले, "आमच्या वस्तू परत पाहिजेत."

"दिलेली वस्तू परत मिळत नाही," मी दबक्या आवाजात म्हटलं. "नियम आहे. आणि जरा हळू बोला, माझे साहेब..."

साहेब, म्हणजे आमचे संचालक, मागेच उभे होते. मला वाटलं, नोकरी गेली. पण त्यांचा चेहरा उजळला होता. "इंटरनेटवर वस्तू पाहून तुम्ही प्रत्यक्ष आलात? सगळे?" त्यांनी मोठ्या दिरांचा हात धरून दोन्ही हातांनी हलवला. "चार महिने झाले, मी याचीच वाट बघतोय! परत नाही देता येणार, पण हातात घेऊन बघा ना! हातमोजे आणा रे!"

सगळ्यांना पांढरे हातमोजे मिळाले. भांडारातल्या लांब टेबलावर तेवीस वस्तू मांडल्या. नवरा तिकिटांची वही उलटत एकेका देशाचं नाव पुटपुटत होता. नणंद बाहुलीच्या पोटावर दाबत होती. बाहुली आता रडत नव्हती, नुसती कण्हत होती. आणि मोठे दीर पांढऱ्या हातांत बिगुल धरून उभे होते.

"वाजवायचा नाही हं, भाऊजी," मी म्हटलं.

"छे छे," ते म्हणाले, आणि त्यांनी फुंकला.

काय सांगू तुम्हाला! चौतीस वर्षं कोंडलेला आवाज होता तो! भांडारातून निघून तिन्ही मजल्यांवर घुमला. दारावरच्या रखवालदाराला वाटलं, आगीचा नवा भोंगा बसवलाय. त्याने प्रसंगावधान राखून पूर्ण इमारत रिकामी केली. म्हणजे सात प्रेक्षक, दोन सफाई कामगार, आणि एक गृहस्थ जे फक्त स्वच्छतागृह वापरायला आले होते. दहा मिनिटांनी आम्ही सगळे रस्त्यावर उभे, हातमोज्यांसकट. साहेब प्रत्येकाची माफी मागत होते.

सासूबाई मोठ्या मुलाकडे वळल्या. "कळलं का, का दिला होता?"

सगळं निस्तरून आम्ही परत आत आलो. भाऊ दुर्बिणीतून आळीपाळीने खिडकीबाहेर बघत होते, "दादा, तो बघ, त्या घरात बातम्या लागल्यात!" वगैरे. सासूबाई मात्र टेबलाच्या टोकाशी एका मातीच्या भांड्यापाशी थांबल्या होत्या. इंटरनेटवरचा तो केशरी ठिपका आम्ही रविवारी उघडलाच नव्हता. मी जवळ गेले. भांड्याशेजारी चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवरची भाषा माझी होती. जुन्या फोटोंवरून रोज तीस वस्तूंची वर्णनं खरडायचे मी. त्यातलंच हे एक.

'मातीचे भांडे. उपयोग अनिश्चित. घडण अत्यंत प्राथमिक, तोल एका बाजूला. बहुधा एखाद्या लहान मुलाने शिकताना केलेले.'

"छान लिहिलंयस," सासूबाई म्हणाल्या. "अगदी बरोबर."

"हे काय आहे, आई?"

त्यांनी ते हळूच उलटं केलं. बुडाशी, ओल्या मातीत काडीने कोरलेली, वळणदार सही होती. माझी.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी भांडी घडवायच्या वर्गाला गेले होते. तीन महिने. तिथे केलेली पहिलीवहिली फुलदाणी मी सासूबाईंना वाढदिवसाला दिली होती. ती दिसेनाशी झाली तेव्हा मी समजले, त्यांनी जिवापाड जपून कपाटात ठेवली असेल!

"चार वर्षांपूर्वी दिली," त्या म्हणाल्या. "तू रजेवर होतीस त्या दिवशी. तुझ्यासमोर कशी देणार? फुलं ठेवली की आडवी व्हायची गं. टाकवेना. तुझ्या हातची होती ना."

आता यावर रागवायचं की रडायचं, तुम्हीच सांगा. मी मानेने नुसतं 'हो' म्हटलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी साहेबांच्या खोलीत गेले. "सर, एका वस्तूच्या वर्णनात दुरुस्ती करायची आहे."

"कारण?"

"नवी माहिती मिळाली आहे. ते भांडं लहान मुलाने केलेलं नाही."

साहेबांनी पडद्यावर फोटो उघडला. "मग कुणी केलंय?"

"प्रौढ व्यक्तीने, सर."

"किती वर्षांच्या?"

"अठ्ठावीस."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. डावीकडून पाहिला, मान वाकडी करून उजवीकडून पाहिला. मग माझ्याकडे अतिशय समजुतीच्या नजरेने बघत म्हणाले, "बाई, तुम्ही दमलाय. असं काही लिहायचं तर पुरावा लागतो. आहे पुरावा?"

मी क्षणभर विचार केला.

"नाही, सर," मी म्हटलं.

तेव्हा ते वर्णन आजही तसंच आहे. हवं तर शोधून बघा. फोटो मात्र वरूनच काढलेला आहे. बुडाचा काढायचं काम माझ्याकडे आहे, आणि मला अजून सवड झालेली नाही.